रस्ता आखताना: सभागृहातली बैठक की रस्त्यावरचा चुना?

सोलापुरात रस्त्याच्या नव्या आखणीवर लोकांचं मत घ्यायचं, तर बैठकीत भिंतीवरच्या १:५०० नकाशात १.८ मीटरचा पदपथ ३.६ मिलिमीटर दिसतो. त्यावरून दुकानाची पायरी जाणार की राहणार, कसं कळावं? शिवाय पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांना दिवसा वेळ नसतो. तिथे अनेकजण तेलुगूभाषक, म्हणून बैठकीची सूचना तेलुगूतही हवी.

त्यापेक्षा नवी पेठेत पहाटे चुन्याने पदपथाची कड ओढा, शंकू ठेवा, आठवडाभर माणसं, हातगाड्या, उभ्या दुचाकी मोजा. चुना पायांनी पुसतो, रोज पुन्हा ओढावा लागतो. शंकू सरकवले जातातच. कुठे सरकले ते टिपा, खरी हरकत तीच.

सिद्धेश्वर यात्रेत मिरवणुकीने नेल्या जाणाऱ्या नंदीध्वजांच्या मार्गावर मात्र आधी मानकऱ्यांसोबत बैठकच घ्या: उंच काठ्यांना आडव्या येणाऱ्या तारा, कमानी चुन्यात दिसत नाहीत.