स्लॅक ॲपसाठी एचटीटीपी की सॉकेट मोड : दोषशोधनाच्या दृष्टीने तुलना

नवा संदेश, चॅनेलमध्ये सामील झालेला सदस्य, संदेशावर उमटलेली इमोजी अशा इव्हेंटना (घडामोडींना) प्रतिसाद देणारे, स्लॅक या कार्यालयीन संदेशसेवेसाठीचे ॲप लिहिताना, ते इव्हेंट आपल्या कोडपर्यंत कोणत्या मार्गाने यावेत हे आधी ठरवावे लागते. एचटीटीपी पद्धतीत स्लॅक आपल्या सार्वजनिक वेब-पत्त्यावर विनंती पाठवते, तर सॉकेट मोडमध्ये आपले ॲपच स्लॅककडे वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी दुहेरी) जोडणी उघडते आणि इव्हेंट तिच्यावरून येतात. बहुतेकजण उभारणीच्या सोयीवरून निवड करतात. ॲप अचानक गप्प झाल्यावर कारण कोणत्या पद्धतीत लवकर सापडेल, या निकषाला मी अधिक वजन देतो.

एचटीटीपीचा त्रास सुरुवातीलाच होतो. पत्ता नोंदवताना स्लॅक पडताळणीसाठी एक मजकूर पाठवते व तो जसाच्या तसा परत न मिळाल्यास पत्ता स्वीकारत नाही. त्यानंतर, विनंती खरोखर स्लॅककडूनच आली आहे हे पटवणाऱ्या स्वाक्षरीची तपासणी येते. ही स्वाक्षरी गुपित किल्ली वापरून विनंतीच्या मूळ, अस्पर्श मजकुरावरून काढलेली असते. त्यामुळे वेब फ्रेमवर्कने जेसन (विनंतीतील माहितीची मांडणी) उलगडून पुन्हा जुळवले, तर गुपित किल्ली बरोबर असूनही तपासणी फसते, आणि या एका कारणापायी अनेकांचे तासन्‌तास वाया जातात. विनंतीवरील वेळ ५ मिनिटांहून जुनी असल्यास ती नाकारावी अशी स्लॅकची शिफारस असल्याने सर्व्हरचे घड्याळ मागेपुढे असले तरी हेच लक्षण दिसते.

मात्र एवढे जुळले की ही पद्धत पुरावे सोडते. ३ सेकंदांत पोच (इव्हेंट मिळाल्याचे उत्तर) न मिळाल्यास स्लॅक तोच इव्हेंट जवळजवळ लगेच, मग १ मिनिटाने आणि मग ५ मिनिटांनी असा आणखी ३ वेळा पाठवते, आणि हा कितवा प्रयत्न आहे व आधीचा का फसला हे हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळींत) लिहून देते. बॉटने (स्लॅकमध्ये ॲपच्या वतीने बोलणाऱ्या खात्याने) एकच उत्तर दोनदा दिले, तर हे हेडर प्रथम पाहावेत. बहुधा कोड आधी लांबलचक काम करत असतो आणि पोच नंतर देत असतो. पोच आधी द्यावी, काम मागाहून करावे आणि इव्हेंटचा ओळख क्रमांक नोंदवून पुनरावृत्ती टाळावी, हा उपाय दोन्ही पद्धतींना लागू पडतो.

सॉकेट मोडला सार्वजनिक पत्ता, प्रमाणपत्र किंवा टनेल (स्थानिक यंत्र इंटरनेटवर उघडे करणारा मार्ग) यांपैकी काहीच लागत नाही. कंपनीच्या फायरवॉलमागे बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवणारी खूण) लावून कोड तपासता येतो, आणि विकासाच्या काळात हे सुख खरोखर मोठे आहे (ब्रेकपॉइंटवर रेंगाळल्यास पोचेची मुदत इथेही उलटतेच). पण त्याचे दोष शांतपणे येतात. एका ॲपच्या एकाच वेळी १० पर्यंत जोडण्या असू शकतात आणि इव्हेंट त्यांपैकी कोणत्याही एकीवर जातो. सहकाऱ्याने तेच टोकन (ॲपची ओळख पटवणारी किल्ली) वापरून आपल्या यंत्रावर ॲप चालू ठेवले असेल, तर काही इव्हेंट त्याच्याकडे वळतात. आपल्या लॉगमध्ये (नोंदींत) त्रुटीची एकही ओळ नसते, केवळ अधूनमधून उत्तर येत नाही. म्हणून प्रत्येक विकासकाने स्वतंत्र ॲप नोंदवावे, यावर मी ठाम आहे. शिवाय स्लॅक अधूनमधून जोडण्या बंद करून नव्याने उघडायला लावते. स्लॅकची अधिकृत बोल्ट लायब्ररी (तयार कोडसंच) हे सांभाळते, पण हाताने लिहिलेल्या क्लायंटमध्ये ही पुनर्जोडणी राहून गेली, तर ॲप चालू दिसते आणि ऐकत मात्र काहीच नाही.

इव्हेंट मुळीच येत नसेल, तर मार्गाला दोष देण्याआधी बॉटला त्या चॅनेलमध्ये घेतले आहे का, खासगी चॅनेलसाठीचा वेगळा इव्हेंट निवडला आहे का आणि नवी परवानगी जोडल्यावर ॲप पुन्हा स्थापित केले आहे का, हे तपासावे.

एकाच कंपनीच्या अंतर्गत वापराचे आणि सतत चालू राहणाऱ्या सर्व्हरवरचे ॲप असेल, तर बोल्टसह सॉकेट मोड निवडावा व जोडणीच्या स्थितीवर देखरेख ठेवावी. सर्व्हरलेस मांडणी (विनंती आली तेवढ्यापुरताच कोड चालतो अशी) असेल किंवा ॲप स्लॅक मार्केटप्लेसवर (स्लॅकच्या ॲप-बाजारात) न्यायचे असेल, तर एचटीटीपीच घ्यावे, कारण सॉकेट मोडची ॲप्स तिथे स्वीकारली जात नाहीत. बोल्टमध्ये इव्हेंट हाताळणारा कोड दोन्हींकडे जवळपास तसाच राहत असल्याने, विकास सॉकेट मोडवर आणि प्रत्यक्ष वापर एचटीटीपीवर अशी विभागणीही करता येते; मात्र स्वाक्षरीची तपासणी सॉकेट मोडमध्ये कधी वापरलीच जात नसल्यामुळे ती प्रत्यक्ष वापराआधी स्वतंत्रपणे चाचपावी.