मेल मर्जचा मॅक्रो अडला: चूक गिळायची की ओळीओळीने शोधायची?

मेल मर्ज म्हणजे एक्सेलच्या यादीतली नावं एकाच पत्रात भरून प्रत्येकासाठी वेगळं पत्र काढणं. ते करणारा वर्डमधला मॅक्रो (कामं आपोआप करणारा कोड) ‘रन-टाइम एरर ५९४१’ म्हणत थांबला की पहिला मोह होतो वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक आली तरी पुढच्या ओळीवर जा) टाकून मोकळं व्हायचा. मॅक्रो धावतो, पत्रंही तयार होतात. फक्त काहींत नावाची जागा कोरी. आणि हे कळतं प्रिंट काढल्यावर!

दुसरा मार्ग एफ८ दाबत एकेक ओळ चालवण्याचा. वेळखाऊ आहे, पण पिवळी पट्टी नेमकी दुखऱ्या ओळीवर थांबते. ५९४१ म्हणजे मागितलेली गोष्ट यादीत नाही. एक्सेलमध्ये मथळा ‘पूर्ण नाव’ असतो, वर्ड मर्ज फील्डच्या (पत्रात माहिती भरायच्या जागेच्या) नावात मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोर घालतं, आणि कोडमध्ये आपण मोकळी जागाच ठेवलेली. दुसरी हमखास चूक: नव्या डॉक्युमेंटमध्ये मर्ज झालं की कोडमधलं ‘ॲक्टिव्हडॉक्युमेंट’ (सध्या समोर असलेलं डॉक्युमेंट) म्हणजे ते नवं डॉक्युमेंट; मूळ पत्र नव्हे. म्हणून मूळ पत्र आधीच एका व्हेरिएबलमध्ये (कोडमधल्या नाव दिलेल्या जागेत) धरून ठेवावं.

रिझ्यूम नेक्स्ट अगदीच टाकाऊ नाही. नसलेली फाइल डिलीट करण्यासारख्या एखाद्या ओळीपुरतं चालतं, पण लगेच खाली ‘ऑन एरर गोटू ०’ (चुका पुन्हा दाखवायला लाग) हवंच. मर्जभोवती मात्र मी ते कधीच ठेवत नाही.