जुनी येना की वापरलेली वॉटरप्रूफ? मुंबईत सेकंड-हँड दुर्बीण घेताना

चांगली दुर्बीण घ्यायची आहे पण नवी परवडत नाही, अशा माणसासमोर मुंबईत साधारण दोन पर्याय येतात. पहिला चोरबाजारातला. मटण स्ट्रीटवर कातडी पेटीत ठेवलेली, पूर्व जर्मनीत बनलेली कार्ल झाइस येना ८×३०, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं. दुसरा ओळखीपाळखीतला. कुणा पक्षीनिरीक्षकाने वरचं मॉडेल घेतलं, म्हणून त्याची आधीची ८×४२ विकायला निघते. सरळ नळ्यांची, रूफ प्रिझमची (आतले लोलक नळीच्या सरळ रेषेत बसवलेली), वॉटरप्रूफ. मी दोन्ही वर्षानुवर्षं वापरल्या आहेत.

आधी येनाची बाजू मांडतो, कारण तिच्यावर माझा जीव आहे. खांदे रुंद असलेल्या या पोरो (आतले लोलक बाजूला सरकवून बसवलेल्या) दुर्बिणीतून चित्र असं खोल दिसतं की शिवडीच्या चिखलात पुढचा शेकाट्या आणि मागचा रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा यांच्यातलं अंतर डोळ्याला कळतं. हजार मीटरवर सुमारे १५० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत मावतो, ८×४२ मध्ये बहुतेकदा ११० ते १३०. शिवाय एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. रूफ प्रिझममध्ये प्रकाशाच्या लहरींचा मेळ बिघडतो आणि चित्र थोडं मऊ पडतं. त्यावरचा फेज कोटिंगचा, म्हणजे लोलकावरच्या खास लेपाचा, उपाय झाइसने १९८८ मध्ये आणला. पोरोला ही अडचण मुळातच नाही. म्हणून फेज कोटिंग नसलेली जुनी रूफ, नाव कितीही मोठं असो, मी घेणार नाही. तिच्यापेक्षा येना बरी.

पण मुंबईची हवा येनाच्या विरोधात आहे. फोकसचं चाक फिरवलं की तिची आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, मागेपुढे सरकते आणि पंपासारखी बाहेरची हवा आत ओढते. जुलैत ती हवा म्हणजे निम्मं पाणीच. माझी येना मी एका जूनमध्ये कपाटात ठेवली आणि गणपतीत बाहेर काढली. डाव्या नळीत, लोलकाच्या कडेपासून मध्यापर्यंत, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. बुरशी. फोर्टातल्या एका जुन्या कॅमेरा कारागिराने ती उघडून साफ केली, दोन्ही नळ्या पुन्हा एका रेषेत आणून दिल्या. तरी बुरशीने कोटिंग खाल्लं होतं ते खाल्लंच. उन्हाकडे बघितलं की त्या जागी अजून धूसर डाग उमटतो.

वॉटरप्रूफ दुर्बिणीचं फोकस आतल्या आत होतं आणि नळ्यांत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे दमट हवा शिरत नाही. पावसाळ्यात कर्नाळ्याला तिबोटी खंड्या बघायला जायचं तर हीच हवी. ओढ्याकाठी तास तास थांबायचं, वरून धार लागलेली, अशा वेळी येना मी सॅकमधून बाहेरही काढत नाही. हिची कमकुवत बाजू वेगळी आहे. सील गेलं आणि आत बुरशी आली, तर कोपऱ्यावरच्या कारागिराच्या हातात देता येत नाही, कंपनीच्या सर्व्हिसलाच पाठवावी लागते. म्हणून घेतानाच सील तपासा. एसी खोलीत अर्धा तास ठेवून बाहेर आणा. बाहेरच्या काचेवर वाफ धरली तर पुसून जाते. आतून धरली तर सौदा तिथेच थांबवा.

बाकीची तपासणी दोघींची सारखीच. दुर्बीण उलटी धरून मोठ्या भिंगातून मोबाइलचा टॉर्च मारा, धागे आणि धूसरपणा लगेच दिसतो. मग लांबच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन कडा वरखाली झाल्या तर नळ्यांची रेषा बिघडली आहे. अशी दुर्बीण पाच मिनिटं सहन होते, तासाभरात डोकं ठणकायला लागतं. भिंगं लालभडक असतील किंवा अंगावर ९०×९० असे आकडे असतील, तर हातही लावू नका.

चष्मा असेल तर निर्णय सोपा आहे. जुन्या येनात डोळा काचेला अगदी चिकटवावा लागतो, चष्म्यातून निम्मं चित्र कापलं जातं. ८×४२ घ्या, आणि तिचं आय रिलीफ (डोळा काचेपासून जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिलिमीटरच्या वर आहे ना ते बघून घ्या.

१०×४२ चा मोह होतो, विशेषतः ओहोटीला रोहित लांब गेले की. पण हात थरथरतो, आणि डोळ्यात जाणारं प्रकाशाचं वर्तुळ ५.२५ ऐवजी ४.२ मिलिमीटरचं होतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, पहाटेच्या गर्द झाडीत, हा फरक जाणवतो.

किमतीचा माझा नियम असा: वापरलेल्या वॉटरप्रूफला नव्याच्या साठ टक्क्यांपुढे जायचं नाही, आणि येनाच्या किमतीत साफसफाईचा खर्च आधीच धरायचा. एकच दुर्बीण घेणार असाल तर वॉटरप्रूफ ८×४२ घ्या. येना तिच्या जोडीला, नोव्हेंबर ते मे वापरायला घ्या. उरलेले महिने तिला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, कातडी पेटीत नको. ओल धरते ती पेटीच.