विरोधकाचा चोरीचा डेटा हाती आला तर: चार वाटा, चार जोखमी

मतदानाला बारा दिवस उरलेत. वॉर रूमच्या पत्त्यावर बिननावाचा लिफाफा येतो. आत पेन ड्राइव्ह, आणि त्यात समोरच्या उमेदवाराच्या कार्यालयातले ईमेल, बूथनिहाय याद्या, पैशांचे हिशोब. प्रचारप्रमुखापुढे चार वाटा असतात: गुपचूप रणनीतीसाठी वापरणं, पत्रकाराकडे सरकवणं, स्वतः जाहीर करणं, किंवा वकिलामार्फत पोलिसांकडे देणं.

छापलं तर अडकू, नुसतं वाचलं तर कोणाला कळतंय, असा बहुतेकांचा हिशोब असतो. कायदा मात्र छापण्याच्या बराच आधी सुरू होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चं कलम 66ब चोरीचं ‘संगणक संसाधन’ अप्रामाणिकपणे घेणं किंवा बाळगणं हाच गुन्हा मानतं. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कलम 2 मधल्या व्याख्येत संगणक संसाधन म्हणजे फक्त यंत्र नव्हे, डेटासुद्धा. भारतीय न्याय संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येतून ‘मूर्त’ ही जुनी अट गेली आहे, त्यामुळे चोरीचा माल घेण्याचं कलम 317 डेटालाही लावण्याचा युक्तिवाद सोपा झाला. माल चोरीचा आहे हे प्रत्यक्ष ठाऊक असलंच पाहिजे असंही नाही. तसं मानायला सबळ कारण असलं तरी पुरतं. बिननावाच्या लिफाफ्यातून विरोधकाचे ईमेल येतात तेव्हा ‘मला काय माहीत’ म्हणायला फारशी जागा उरत नाही.

गुपचूप वापर. चौघांत मला हीच वाट सगळ्यात वाईट वाटते. जाहीर करणारा निदान जनहिताचं नाव घेऊ शकतो. विरोधकाच्या बूथयाद्यांवरून स्वतःचे कार्यकर्ते फिरवणाऱ्याकडे तेही नसतं, उलट गैरलाभाचा हेतू त्याच्या वागण्यातूनच दिसतो. शिवाय वॉर रूममध्ये काहीही गुपचूप राहत नाही. फाइल एकाच्या लॅपटॉपवर उघडते, तिचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप गटात जातो, निकालानंतर नाराज झालेला कंत्राटी विश्लेषक बाहेर पडतो, आणि त्याच्या फोनमध्ये सगळी साखळी असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 85 मध्ये ‘कंपनी’त व्यक्तींचा संघही येतो, म्हणून कारभार पाहणाऱ्यापर्यंत जबाबदारी पोचू शकते. डेटा पैसे देऊन घेतला असेल तर तो खर्च कुठे दाखवणार? महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा 40 लाख आहे. हा खर्च दाखवला तर कबुली, लपवला तर खोटा हिशोब.

उमेदवारासाठी खरा आकडा 3 वर्षं नव्हे, 2 वर्षं आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 8(3) नुसार 2 वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्रता, आणि सुटकेनंतर आणखी 6 वर्षं. सर्वोच्च न्यायालयाच्या लिली थॉमस निकालानंतर (2013) निवडून आलेल्यालाही अपिलाच्या नावावर आपोआप मुदत मिळत नाही. कलम 66ब जामीनपात्र आहे म्हणून निर्धास्त राहणारे हे विसरतात.

पत्रकाराकडे सरकवणं. इथे हमखास अमेरिकेचं उदाहरण पुढे येतं, म्हणून ते नीट पाहू. बार्टनिकी खटल्यात (2001) तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माहिती बेकायदा मिळवली गेली असली, तरी त्यात ज्याचा हात नाही त्याला ती सार्वजनिक महत्त्वाची असल्यास प्रसिद्ध करण्याचं संरक्षण आहे. त्याच आधारावर 30 जुलै 2019 ला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक पक्षाचा, हॅक झालेल्या ईमेलवरून ट्रम्प प्रचारयंत्रणा आणि ते ईमेल छापणाऱ्या विकिलीक्सवर केलेला दावा फेटाळला.

पण त्याच देशात खासदार जिम मॅकडरमॉट यांनी काय मोजलं तेही बघा. डिसेंबर 1996 मध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाचे खासदार जॉन बेनर यांच्या गटाचं फोनवरचं बोलणं फ्लोरिडातल्या एका जोडप्याने स्कॅनरवर टेप केलं. टेप मॅकडरमॉट यांच्याकडे आली, त्यांनी ती वर्तमानपत्रांना दिली. जोडप्याला माणशी 500 डॉलर दंड झाला. मॅकडरमॉट यांच्यावर 60,000 डॉलरची भरपाई आणि वर बेनर यांच्या वकिलांची फी आली. वर्तमानपत्रांना झळ लागली नाही. ढाल छापणाऱ्याला होती, मधल्या माणसाला नव्हती.

आपल्याकडे बार्टनिकीसारखा थेट निकाल नाही. जवळचा म्हणजे राफेल विमानखरेदी खटल्याच्या फेरविचारातला 10 एप्रिल 2019 चा आदेश. कागद चोरीचे आहेत हा सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बाजूला ठेवला. पण ते कागद आधीच वर्तमानपत्रात आले होते, आणि प्रश्न न्यायालयाने ते बघावेत का एवढाच होता. घेणाऱ्यावर गुन्हा होतो का, याला तो आदेश हात लावत नाही. मालकानी (1973) आणि पूरणमल (1974) या निकालांचंही तेच: बेकायदा मिळवलेला पुरावा चालतो, म्हणून तो मिळवणारा सुटत नाही.

स्वतः जाहीर करणं. वरचं सगळं आहेच, वर निवडणूक याचिकेची तलवार. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 123(4) प्रमाणे उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान, जे करणाऱ्याला स्वतःला खरं वाटत नव्हतं, ते भ्रष्ट आचरण ठरतं आणि निवड रद्द होऊ शकते. याचिकेची मुदत 45 दिवस. गोम अशी की हॅक केलेल्या गठ्ठ्यात 400 खऱ्या ईमेलमध्ये 2 बनावट घालणं सोपं असतं. 2017 मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मॅक्रॉन यांच्या प्रचाराचे कागद मतदानाच्या दोन दिवस आधी फुटले, तेव्हा त्यांच्या पक्षाने खऱ्यात खोटे मिसळल्याचंच सांगितलं. तपासायला वेळ नसताना छापलं तर ‘मला खरं वाटत होतं’ हे नंतर कशाच्या जोरावर सांगणार?

यादीत मतदारांचे फोन, जात, आजार असे तपशील असतील तर विषय आणखी वेगळा. वैयक्तिक डेटा कायदा, 2023 माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला सोडतो. हॅकरने जाहीर केलेल्या माहितीला नाही.

माध्यमांनी आधीच छापलेलं उद्धृत करणं ही त्यातली सौम्य वाट. तिथेही मूळ फाइल कार्यालयात ठेवायची नाही, बातमीत आहे तेवढंच बोलायचं, आणि ‘अमुक वृत्तानुसार’ म्हटलं म्हणून न्याय संहितेचं बदनामीचं कलम 356 टळत नाही हे ध्यानात ठेवायचं.

पोलिसांकडे देणं. सप्टेंबर 2000 मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत, बुश यांच्या वादविवादाच्या तयारीचे कागद आणि व्हिडिओ प्रतिस्पर्धी गोर यांचे सहकारी टॉम डाउनी यांच्याकडे टपालाने आले. त्यांनी वकिलामार्फत ते एफबीआयला दिले आणि स्वतः गोर यांच्या तयारीतून बाजूला झाले. पार्सल पाठवणाऱ्या बुश गोटातल्या कर्मचारी बाईला पुढे वर्षभराची कैद झाली. डाउनी यांना काही झालं नाही. माझ्या मते त्यांना वाचवलं ते दुसऱ्या पावलाने. नुसतं परत करणारा माणूस वाचलेलं विसरू शकत नाही.

देण्याचा क्रमही महत्त्वाचा. मार्च 2021 मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलीस बदल्यांबाबतच्या गोपनीय अहवालाचा हवाला पत्रकार परिषदेत दिला आणि सामग्री केंद्रीय गृहसचिवांकडे सोपवली. मुंबई सायबर पोलिसांनी अज्ञातांविरुद्ध शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला, आणि वर्षभराने फडणवीस यांचा जबाब त्यांच्या घरी घेतला. ते आरोपी नव्हते. पण सरकारी कागद असला की आधी तो सोपवल्याची पोच आणि मग माइक, हे बरं.

पहिल्या तासात करायचं ते एवढं. पेन ड्राइव्ह कुठल्याही यंत्राला लावू नका; त्यात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, असण्याची शक्यता आहेच. लिफाफा, टपालाचा शिक्का, कुरिअरची पावती तशीच ठेवा. कोणी, किती वाजता, कोणासमोर घेतलं याची दोन ओळींची नोंद सहीसह करा आणि वस्तू सीलबंद करून वकिलाकडे द्या. ईमेलने आलं असेल तर पुढे पाठवू नका, उत्तर देऊ नका. ‘अजून आहे का?’ हा एक प्रश्न घेणाऱ्याला मागणारा बनवतो. घाबरून डिलीटही करू नका, न्याय संहितेच्या कलम 238 खाली तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार ठरू शकतो. हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा, काढणं फॉरेन्सिक तज्ज्ञाचं काम: भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात तो लागतो, आणि त्यातला दुसरा भाग तज्ज्ञानेच भरायचा असतो. ज्याने मजकूर पाहिला त्याला त्या मतदारसंघाच्या रणनीतीतून त्याच दिवशी बाहेर काढा, तेही लेखी.