कार्डांच्या पेटीसोबत नऊ महिने: फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या तयारीचा अनुभव

पुठ्ठ्याचं एक खोकं, त्यात आडव्या पट्ट्या लावून केलेले पाच कप्पे आणि तळहातात मावतील अशी कोरी कार्डं. फार्मसीला प्रवेश नक्की झाला तेव्हा वर्ग सुरू व्हायला दोन महिने होते, त्या काळात मी ही पेटी तयार केली. आता पहिल्या वर्षाचे सात महिने झाले आहेत. पेटीत आज ६१२ कार्डं आहेत आणि जवळपास तेवढीच मी आजवर फाडून टाकली आहेत. मला सांगायचं आहे ते जास्त करून त्या फाडलेल्या कार्डांबद्दल.

पद्धत जुनी आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने ती १९७२ मध्ये लोकांपुढे आणली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात पडतं. उत्तर आलं की ते पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येतं. मी पहिला कप्पा रोज बघते, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने. विसरायच्या बेतात असताना आठवून पाहिलं की ती गोष्ट पक्की होते, एवढाच त्यामागचा विचार. विसरण्याचा वेग मोजण्याचं काम हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच करून ठेवलं होतं, तेही स्वतःवर प्रयोग करून.

सुट्टीतल्या त्या दोन महिन्यांत मी जवळजवळ ३०० कार्डं लिहिली. पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडायचं, व्याख्या उतरवायची, पेटीत टाकायची. रोज कार्डं पुढच्या कप्प्यात सरकताना बघून खूप समाधान वाटायचं. त्यांतलं एक होतं, ‘बफर म्हणजे काय?’ मागे उत्तर: थोडं आम्ल किंवा आम्लारी घातलं तरी ज्याचा पीएच फारसा बदलत नाही असं द्रावण. हे कार्ड एकदाही न चुकता पाचव्या कप्प्यात पोचलं.

पुढे वर्गात बाईंनी विचारलं, ‘‘ॲसिटिक ॲसिड आणि सोडियम ॲसिटेटचं द्रावण आहे. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले. त्या हायड्रोजन आयनांचं पुढे काय होतं?’’ मला एक शब्द सांगता आला नाही. व्याख्या तोंडपाठ होती, पण ॲसिटेट आयन त्या हायड्रोजन आयनांना धरून ठेवतो आणि तयार होणारं ॲसिटिक ॲसिड दुर्बल असल्यामुळे बहुतेक तसंच एकसंध राहतं, हे चित्र माझ्या डोक्यात कधी उभंच राहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी बसून सुट्टीत केलेली कार्डं एकेक करून तपासली. ज्याचं कारण मला स्वतःच्या शब्दांत सांगता येईना ते कार्ड फाडलं. १८० पेक्षा जास्त गेली.

तेव्हापासून एक नियम पाळते: कार्ड लिहायचं ते समजल्यावर, समजण्यासाठी नाही. पेटी कळलेलं जपून ठेवते. न कळलेलंही ती तितक्याच इमानाने जपते, आणि तिथेच माणूस फसतो.

नव्या पद्धतीने लिहिलेलं एक कार्ड सांगते. पुढे: ‘ॲस्पिरिनचा पीकेए ३.५ आहे. जठरात पीएच १.५ धरला तर किती रेणू भाररहित?’ पीकेए म्हणजे ज्या पीएचला आम्लाचे निम्मे रेणू विद्युतभार असलेले आणि निम्मे भाररहित असतात तो आकडा. पीकेए आणि पीएच यांतला फरक इथे २; हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणात फरकाच्या प्रत्येक एककामागे प्रमाण दहापट बदलतं, म्हणजे भार असलेल्या एका रेणूमागे १०० भाररहित. भाररहित रेणू पेशीच्या पटलातल्या मेदातून सहज पार होतो. आतड्यात पीएच ६.५ धरला की गणित उलटतं, एका भाररहित रेणूमागे १००० भार असलेले. इथपर्यंत आलं की वाटतं, ॲस्पिरिन जठरातच शोषलं जात असणार. म्हणून लगेच दुसरं कार्ड: ‘तरीही बराचसा भाग लहान आतड्यात का शोषला जातो?’ कारण तिथलं पृष्ठफळ प्रचंड मोठं आहे. ही दोन कार्डं मी कायम जोडीने ठेवते. पहिलं एकटं असतं तर मी चुकीची गोष्ट पक्की केली असती.

या एका उदाहरणात लॉगरिदम आहे, दुर्बल आम्ल आहे आणि पेशीचं पटलही आहे. पहिल्या वर्षाआधी मी काय वाचावं, असं आज कुणी विचारलं तर मी याच तीन गोष्टी सांगेन. पहिल्या वर्षाचं पुस्तक आधी आणून वाचण्यापेक्षा शाळेतले हे धडे पुन्हा वाचलेले जास्त उपयोगी पडतात. मी शेवटची दोन वर्षं गणिताकडे दुर्लक्ष केलं होतं आणि लॉग घेताना पहिले कित्येक आठवडे हात अडखळायचा.

पेटीचा सर्वांत जास्त फायदा झाला तो औषधांच्या नावांना. सुरुवातीला ती नावं म्हणजे अक्षरांचा नुसता ढीग वाटतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या जेनेरिक नावांच्या पद्धतीत, जिची पहिली यादी १९५३ मध्ये आली, औषधाचा गट बहुतेक वेळा नावाच्या शेवटी दिसतो. प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांतलं ‘-ओलॉल’ म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणारं औषध. कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल यांतलं ‘-प्रिल’ म्हणजे एसीई इनहिबिटर, रक्तवाहिन्या आकुंचित करणारं द्रव्य शरीरात बनू न देणारं रक्तदाबावरचं औषध. लोसार्टन, टेल्मिसार्टन यांतलं ‘-सार्टन’ म्हणजे त्याच द्रव्याचा परिणाम अडवणारं. मी ३०-३५ शेवटांची कार्डं केली आणि न पाहिलेलं औषधही ओळखीचं वाटू लागलं. हा आनंद खरोखर मोठा आहे.

इथेही एक कार्ड फाडावं लागलं. ‘-स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं’ असं मी लिहिलं होतं. मग निस्टॅटिन भेटलं. ते बुरशीवरचं औषध. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० मध्ये ते जगासमोर आणलं आणि न्यूयॉर्क स्टेटवरून त्याला नाव दिलं; कोलेस्टेरॉलशी त्याचा काही संबंध नाही. कोलेस्टेरॉलच्या गटाचा खरा शेवट ‘-व्हास्टॅटिन’ असा आहे: ॲटॉरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन. तसंच ओमेप्राझोल जठरातलं आम्ल कमी करतं, तर अरिपिप्राझोल मानसिक आजारांवर वापरतात. म्हणून प्रत्येक शेवटाच्या कार्डामागे आता लाल शाईने एक ओळ असते: ‘फसवणारं नाव कोणतं?’ फार्मसीत नावाची गफलत म्हणजे चुकीचं औषध रुग्णाच्या हातात, त्यामुळे ही लाल ओळ मला मूळ उत्तराइतकीच मोलाची वाटते.

गणितांच्या बाबतीत मात्र पेटी पूर्ण निकामी ठरली. एका कार्डावर उदाहरण होतं: ९५ टक्के आणि ५० टक्के अल्कोहोल मिसळून ७० टक्क्यांचं करायचं. ॲलिगेशनने, म्हणजे दोन तीव्रतांची द्रावणं किती प्रमाणात मिसळायची ते काढण्याच्या रीतीने, २० भाग आणि २५ भाग, म्हणजे ४:५. तिसऱ्या वेळी कार्ड समोर आलं तेव्हा मी काही मांडलंच नाही, ‘चारास पाच’ हे तोंडातून आपोआप बाहेर पडलं. उत्तर पाठ झालं होतं आणि रीत मागे राहिली होती. सगळी गणितं पेटीतून काढली आणि वेगळी वही केली. रोज पाच नवी उदाहरणं, आकडे दर वेळी वेगळे, आणि कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी उत्तराचा अंदाज वहीत लिहायचा. ०.९ टक्के सलाइन म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, लिटरमध्ये ९ ग्रॅम, ५८.४४ ने (एक मोल मिठाचे ग्रॅम) भागलं की ०.१५४ मोल, म्हणजे १५४ मिलिमोल. हे एकदा हाताने केलं की टक्केवारी आणि मोलॅरिटी (लिटरमध्ये किती मोल) या दोन वेगळ्या भाषा वाटत नाहीत. अंदाज आधी लिहिण्याच्या सवयीने एक चूक वेळेत सापडली: ०.१२५ मिलिग्रॅमचे मी १२.५ मायक्रोग्रॅम केले होते, हवे होते १२५. कागदावर तो फक्त एक दशांश चिन्हाचा घोळ. डिगॉक्सिनसारख्या हृदयाच्या औषधात तो रुग्णाच्या जिवाशी येऊ शकतो. तेव्हापासून ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द मी पूर्ण लिहिते आणि दशांश चिन्हाआधीचं शून्य कधी गाळत नाही.

प्रात्यक्षिकांचंही काहीसं असंच. इमल्शनच्या, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव केलेल्या मिश्रणाच्या, कार्डावर ‘स्थिर तेल, पाणी, गोंद: ४:२:१’ हे बिनचूक होतं, उडनशील तेलासाठी २:२:१ हेही पाठ होतं. तरी माझं पहिलं इमल्शन फुटलं, तेल वर तरंगू लागलं. कोरड्या गोंदाच्या पद्धतीत प्राथमिक इमल्शनचं पाणी एकदम घालायचं असतं आणि बत्ता एकाच दिशेने जोरात, न थांबता फिरवायचा असतो. मी थेंब थेंब घातलं होतं. दुसऱ्या खेपेला खलातून तो चटचट आवाज आला, मिश्रण पांढरंशुभ्र, घट्ट झालं आणि मला उमगलं की कशाची वाट बघायची असते. आता प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर एकच कार्ड लिहिते, ‘आज काय चुकलं आणि का?’ अशी कार्डं थोडीच आहेत, पण तोंडी परीक्षेत त्यांच्याइतकं काहीच कामी आलं नाही.

शरीररचनेसाठी शब्दांऐवजी आकृत्या चालल्या. पुढच्या बाजूला फक्त ‘नेफ्रॉन’ (मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म नळी) एवढंच, आणि मी कोऱ्या कागदावर आठवून काढायचं, मग मागची आकृती पडताळायची. त्या नळीतला हेन्लेचा वळसा (लूप) असा वीस वेळा काढल्यावर फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाला लूप डाययुरेटिक का म्हणतात हे पाठ करावं लागलं नाही.

त्रासही सांगितला पाहिजे. रोजची साधारण ३५ मिनिटं लागतात आणि खंड पडला की पेटी तुंबते. चौथ्या महिन्यात आजारपणात नऊ दिवस गेले आणि परत बसले तेव्हा २४० कार्डं वाट बघत होती. एका दिवसात संपवायला गेले आणि शेवटची शंभर नुसती उलटत गेले. आता दिवसाला नवी कार्डं आठच, त्याहून एकही जास्त नाही. खोकं बरोबर नेता येत नाही, म्हणून पहिल्या कप्प्यातली कार्डं रबर लावून दप्तरात ठेवते. मोबाइलवर हेच काम करणारी ॲप आहेत आणि वेळापत्रक ती आपसूक सांभाळतात. ज्यांना रोज प्रवास आहे त्यांना ती सोयीची पडतील. मला हाताने लिहायला आवडतं, कारण लिहायला वेळ लागतो आणि त्या वेळात हे मला खरंच कळलंय का, असा विचार होतो. दुसऱ्याची तयार कार्डं मी दोन आठवडे वापरून पाहिली. त्यांत हा विचार आधीच कुणीतरी केलेला असतो, म्हणून ती परत केली.

आज पहिल्या कप्प्यात चौदा कार्डं आहेत, त्यांतली नऊ स्टिरिओकेमिस्ट्रीची, म्हणजे रेणूंच्या त्रिमितीय मांडणीची. एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन मांडण्यांपैकी आर कोणती आणि एस कोणती हे ठरवताना मी अजून चुकते, कारण कागदावरचा सपाट रेणू डोळ्यांसमोर फिरत नाही. रविवारी ही नऊच्या नऊ फाडणार आहे. गोळ्या-काड्यांचं मॉडेल आणलंय. आधी ते हातात धरून रेणू फिरवणार, मग नवी कार्डं लिहायला घेणार.