अंदमानात बिऱ्हाड : पाचोऱ्याहून पोर्ट ब्लेअरला गेलेल्या कुटुंबाचा अनुभव

जळगाव, धुळे, नंदुरबार या भागातील ज्या कुटुंबांत कुणाला अंदमानात नोकरी मिळाली आहे, किंवा तिथे जाऊन होमस्टे चालवावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही पाचोऱ्यातले बिऱ्हाड पोर्ट ब्लेअरला हलवले. या शहराचे नाव २०२४ पासून श्री विजय पुरम झाले असले तरी बोलण्यात अजून जुनेच नाव चालते. सहलीला जाणारी मंडळी बहुधा हिवाळ्यात जातात, पाच-सहा दिवस निळे पाणी पाहतात आणि परत येतात. संसार मांडल्यावर जे सोसावे लागते ते त्या पाच-सहा दिवसांत दिसत नाही.

पहिली गोष्ट दमट हवेची. खान्देशात आपण उन्हाच्या नावाने बोटे मोडतो, पण कोरड्या हवेचे उपकार आपल्या लक्षात येत नाहीत. जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पोर्ट ब्लेअरला सुमारे ३००० मिलिमीटर, आणि तोही दोन हप्त्यांत : नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यातच सुरू होतो, तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येकडचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. सासूबाईंनी वैशाखात घराच्या धाब्यावर वाळवून बांधून दिलेला बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा मी जुलैत उघडला, तेव्हा वरच्या थरावर हिरवट बुरशी चढली होती आणि खालच्या बिबड्या मोडायला गेले की तुटण्याऐवजी वाकत होत्या. लोखंडी तवा रात्री कोरडा पुसून ठेवला तरी सकाळी त्यावर तांबूस गंज दिसतो. चामड्याच्या चपला, लग्नातल्या पैठणीची घडी, मुलांची पुस्तके, कॅमेऱ्याचे भिंग, सगळ्यांवर बुरशी येते. शेजारच्या बंगाली काकूंनी सांगितल्यावरून आम्ही कपाटात कमी वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवू लागलो आणि त्याचा उपयोगही झाला. मात्र हा दिवा महिनोन्‌महिने जळत राहतो हे विजेच्या बिलात धरून चालावे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने स्कूटरचे नटबोल्ट आणि एसीचे बाहेरचे यंत्र आपल्याकडच्यापेक्षा फार लवकर खराब होते. घरातल्या वस्तूंचे आयुष्य निम्मे धरूनच खर्चाचा अंदाज बांधावा, असे माझे मत झाले आहे.

स्वयंपाकघराचा प्रश्न शाकाहारी घराला अधिक जाणवतो. मासळी, नारळ, केळी, काही पालेभाज्या बेटांवर मिळतात. कांदे, बटाटे, डाळी, गहू हा माल बहुतेक चेन्नई-कोलकात्याहून येतो, आणि जहाज लांबले की बाजारातला भाव त्याच दिवशी चढतो. दादर ज्वारीचे किंवा कळण्याचे पीठ तिथे मिळेल ही आशा धरू नये. घरून पाठवलेले पार्सल कित्येकदा इतक्या उशिरा पोहोचते की पिठाला तोवर वास लागलेला असतो. भरतासाठी आपली हिरवी वांगी परसात लावावीत म्हणून मी जळगावहून बी नेले होते. रोपे वीतभर झाली आणि एका पावसाळी रात्रीत मुठीएवढ्या गोगलगायींनी त्यांचा फडशा पाडला. ही आफ्रिकन गोगलगाय दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेटे ताब्यात घेतली त्या काळात तिथे आणली गेली आणि तेव्हापासून ती शेतकऱ्यांची डोकेदुखी होऊन बसली आहे. दुसऱ्या खेपेची रोपे जाळीखाली वाढवली, तर ऐन फुलोऱ्यात मर रोगाने ती उभ्या उभ्या कोमेजली. दमट मातीत हा रोग वांग्याला फार छळतो, असे तिथल्या शेतकऱ्यांकडून नंतर कळले.

इतका पाऊस असूनही उन्हाळ्यात पाण्याची टंचाई होते, हे इकडे कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही. बेट अरुंद आणि डोंगराळ असल्याने पडलेले पाणी लगेच समुद्राला मिळते. साठवण मुख्यतः धनीखाडी धरणावर अवलंबून आहे. फेब्रुवारीनंतर नळाला एक दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येते. दिवसाआड पाण्याची आपल्याला सवय असते खरी, पण आपल्याकडे गरज पडली तर शेतातल्या विहिरीवरून टाकी भरून आणता येते. तिथे तो आधार नसतो.

दिवसाच्या वेळेशी जुळवून घ्यायलाही काही महिने जातात. पोर्ट ब्लेअर जळगावच्या पूर्वेला सुमारे सतरा अंश रेखांशावर आहे, घड्याळ मात्र एकच. त्यामुळे जूनमध्ये पहाटे पाचच्या आधीच उजाडते, डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि वर्षातल्या कोणत्याही दिवशी तो सहाच्या पुढे टिकत नाही. मुले शाळेतून येऊन खेळायला बाहेर पडेपर्यंत अंधारून येते. घरातल्या बाईमाणसाला ती लांबलेली संध्याकाळ फार एकटी वाटते, विशेषतः पाऊस लागलेला असताना. श्रावणात गावी कानबाईचे रोट होत असतील, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी झोक्यावर बसल्या असतील, ही आठवण त्या वेळी नेमकी येते.

या सगळ्यावर काही ना काही उपाय निघतो. ज्यावर निघत नाही ते म्हणजे अंतर. बेटावरून मुख्य भूमी बाराशे-तेराशे किलोमीटरवर आहे. जहाजाने चेन्नई किंवा कोलकाता गाठायला अडीच-तीन दिवस लागतात, म्हणून अडचणीच्या वेळी विमान हाच मार्ग उरतो, आणि वादळी हवेत तोही बंद होतो. आमच्या सासऱ्यांना, आबांना, छातीत दुखू लागल्यामुळे जळगावला दाखल केल्याचा निरोप आला, तेव्हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा होता. त्या दिवशीचे विमान रद्द झाले. दुसऱ्या दिवशी जादा भाडे देऊन कोलकाता गाठले, तिथे रात्र काढली, मग हावड्याहून भुसावळपर्यंत एक दिवस-रात्र रेल्वे. आम्ही पोहोचलो तोवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती. संमतीच्या कागदावर चुलत दिरांनी सही केली होती. आबा बरे झाले, पण डोळे उघडल्यावर त्यांनी आधी थोरला मुलगा कुठे आहे असे विचारले होते, हे आम्हाला नंतर सांगण्यात आले. पुण्या-मुंबईला असलेला मुलगा रात्रीच्या गाडीने सकाळी दारात उभा राहतो. ज्यांचे आईवडील थकलेले आहेत आणि घरी दुसरे कुणी करणारे नाही, त्यांनी ही एकच बाब बाकी साऱ्या फायद्यातोट्यांपेक्षा वरची मानावी. बेटावरच्या आजारपणाचेही असेच आहे : साध्या आजाराला उपचार मिळतात, गुंतागुंतीच्या आजारात चेन्नई-कोलकात्याला जावे लागते.

इंटरनेटविषयी मात्र जुन्या तक्रारी आता तशाच धरू नयेत. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून सुमारे २३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून व्हिडिओ कॉल सहसा नीट लागतो. भूकंपाची भीती खरी आहे. बेटे सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतात आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या लाटेबद्दल बोलताना तिथल्या लोकांचा आवाज आजही बदलतो.

आम्हाला तिथे चांगलेही पुष्कळ मिळाले. मेमधला ४५ अंशांचा जाळ नाही, रस्त्यावर मुली निर्धास्त फिरतात, बंगाली, तमिळ, तेलुगू शेजारी एकमेकांशी हिंदीत बोलतात आणि अडीअडचणीला धावून येतात. लहान मुले असलेल्या तरुण जोडप्याला दोन-तीन वर्षांसाठी मी जरूर जा म्हणेन. शेत किंवा प्लॉट विकून कायमचे जाणाऱ्यांना मात्र एकच विनंती आहे : आधी ऑगस्टमध्ये महिनाभर भाड्याने राहून पाहा, आणि घर निवडताना समुद्र किती दिसतो यापेक्षा खोल्यांतून वारा आरपार जातो का, भिंतींना ओल आहे का, पाण्याची टाकी केवढी आहे, हे घरमालकाच्या आधी शेजाऱ्यांना विचारा.