दगडफुलावर ३६५ नॅनोमीटरचा उजेड: कॉन्व्हॉय एस२ प्लस यूव्ही टॉर्च

लायकेन, म्हणजे दगडफुलासारखी बुरशी आणि शेवाळाची जोडगोळी, ओळखायला यूव्ही (अतिनील) टॉर्च घ्यायची तर ३६५ नॅनोमीटरचीच घ्या. ३९५ ची स्वस्त पडते, पण तिचा जांभळा उजेडच एवढा की लायकेनची फिकट चमक त्यात बुडून जाते. एस२ प्लस, पुढे दिसणारा उजेड अडवणारी काळी झेडडब्ल्यूबी२ काच लावलेली, या कामाला चोख आहे. मागवताना ती काच सोबत आहे ना, हे पाहून घ्या. १८६५० मापाचा रिचार्जेबल सेल आणि यूव्ही अडवणारा चष्मा यांचा खर्चही जमेत धरा. चष्म्याशिवाय टॉर्च लावूच नका.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडे सुरुवात उन्हातल्या आंबा-नारळाच्या खोडांपासून करा. सालीला घट्ट चिकटलेलं राखाडी पायक्सिन कोकोज हे लायकेन टॉर्चखाली अंधारात लख्ख पिवळं उजळतं. हे त्यातल्या लायकेझँथोन या रसायनाचं काम. टॉर्च नीट चालते की नाही, याची कसोटीही तीच.

मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातभाईंत वरची साल पाहून भागत नाही. ब्लेडने ती हलकेच खरवडा आणि आतल्या पांढऱ्या थरावर उजेड पाडा. थर निळसर पांढरा चमकला तर ॲलेक्टोरोनिक आम्लाचा (लायकेन स्वतः बनवतं अशा रसायनांपैकी एक) संशय घ्यावा. उत्तर गोलार्धातल्या थंड जंगलांत क्लॅडोनिया स्क्वामोसा या लायकेनचे दोन रासायनिक प्रकार याच रीतीने वेगळे काढतात: स्क्वामॅटिक आम्लाचा चमकतो, थॅम्नोलिकचा नाही.

फसगत बहुतेक वेळा उजेडाने नव्हे, आजूबाजूच्या वस्तूंनी होते. पांढरा कागद आणि साबण-पावडरीत धुतलेला शर्ट निळे चमकतात, म्हणून नमुना काळ्या कापडावर ठेवा. लाल झाक दिसली तर ते शेवाळाचं हरितद्रव्य, लायकेनचं आम्ल नव्हे. कणकुंबीच्या पावसाळ्यात ओल्या नमुन्यावर तपासू नका. सावलीत वाळवून मगच बघा. नमुना कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. झाडाचं नाव, जागा, तारीख तिथेच लिहा. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय एक तुकडाही उचलू नये.

टॉर्चने नवी जात सिद्ध होत नाही, शंका तेवढी पक्की होते. पुढे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी (रसायनं वेगळी करून ओळखण्याची रीत), बीजाणूंची मापं, आयटीएस डीएनए (बुरशीची जात ओळखायला वाचतात तो डीएनएचा तुकडा) आणि जवळच्या जातींच्या मूळ नमुन्यांशी ताडणी करावी लागते. शिवाय २०१३ पासून नव्या नावाला मायकोबँकसारख्या बुरशीनावांच्या नोंदवहीचा क्रमांक लागतो, आणि आधारनमुना (ज्यावरून नाव दिलं तो नमुना) संग्रहालयात जमा असावा लागतो. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था (एनबीआरआय), दोन्हीकडे लायकेनचे संग्रह आहेत.